नागपूरचा पायथन मीटअप: गावाकडून जाणाऱ्यांनी हे वाचा, मंग एसटीत बसा

आधीच सांगून टाकते, तुमच्याजवळ स्वतःचा अडलेला प्रश्न नसेल तं नागपूरच्या पायथनवाल्यांच्या (पायथन म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची एक भाषा) मीटअपला, म्हणजे त्यांच्या जमायच्या कार्यक्रमाला, जायची काही गरज नाही, घरी बसून यूट्यूबवर त्याहून चांगलं शिकायला भेटते आणि एसटीचे पैसेही वाचतात. पण प्रश्न असेल, म्हणजे लॅपटॉप उघडून फाइल दाखवता येईल असा खराखुरा प्रश्न, तं मात्र जाच. नुसते स्टार पाहून निघून जाणाऱ्यांसाठी, पाचपैकी साडेतीन. बाकीच्यांनी पुढं वाचा, थोडं लांबलं आहे.

मी समुद्रपूर तालुक्यातली, गिरडच्या बाजूला आमचं गाव. गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते, सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, पीएम किसानची केवायसी, सगळं तेच ते. बीसीए झालं आहे पण पायथन मी नोकरीसाठी नाही शिकली, याद्यांसाठी शिकली. ज्यांचं केंद्र आहे त्यांना हे दुखणं लगेच कळेल. एक यादी बँकेची, एक विम्याची, एक तलाठ्याकडची (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणावं लागते), आणि तिन्ही याद्यांत तोच माणूस तीन तऱ्हेनं लिहिलेला. सीझनमध्ये लोकं सकाळपासून दुकानासमोर उभे, "ताई, माह्यं नाव आलं का?" आणि मी बसली डोळे फोडत. म्हणून पायथन, आणि पायथन अडलं म्हणून मीटअप.

जायचं कसं ते आधी सांगते कारण नागपूरवाले आयोजक हे कधीच लिहीत नाहीत, ते नुसता मॅपचा पिन टाकतात. रविवारी असते. आमच्या बाजूच्या लोकांना जाम चौरस्त्यापर्यंत पोचणं हेच खरं काम आहे, एकदा जामला पोचलं की काळजी नाही, हैदराबादचा रस्ता आणि चंद्रपूरचा रस्ता तिथंच फुटतो त्यामुळं हिंगणघाटकडून येणारी पण गाडी भेटते आणि वरोऱ्याकडून येणारी पण. बायकांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, ते नसतं तं मी दुसऱ्यांदा गेलीच नसती हे खरं सांगते. गणेशपेठ स्टँडवर उतरलं की ऑटोवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात, त्यापेक्षा शेअर ऑटोनं सीताबर्डीला जा आणि तिथून मेट्रो धरा, दोन्ही लाइन तिथंच भेटतात. पोटात काही घालायचं असेल तं तर्री पोहे आधीच खाऊन घ्या. मीटअपमध्ये समोसा भेटते पण तो दीड-दोन वाजता.

जागा दर वेळी बदलते. कधी आयटी पार्कच्या बाजूला कोण्या कंपनीचं ऑफिस, कधी कॉलेजचा हॉल. ऑफिस असेल तं मजा आहे, एसी असते, प्लग पॉइंट असतात, बाथरूम स्वच्छ. कॉलेज असेल तं रविवारी लेडीज बाथरूमला कुलूप आणि चावी वॉचमनजवळ आणि वॉचमन चहाले गेलेला. हे मी आयोजकांना तोंडावर सांगितलं, त्यांनी खरंच पुढच्या वेळी आधी चावी घेऊन ठेवली, म्हणजे ऐकतात लोकं, पण सांगावं लागते. आयोजक सगळे पोट्टेच आहेत, त्यांच्या डोक्यातच येत नाही. चार्जिंगचा भरवसा ठेवू नका, एक्स्टेंशन बोर्ड घेऊन जा, तुमची ओळख पण लवकर होते मंग, सगळे तुमच्याजवळच येऊन बसतात.

वेळ. लिहिलेलं असते दहा, सुरू होते पावणेअकराला, कधी अकराला. नागपूरच्या माणसाला काय फरक पडते, तो सव्वादहाला उठून येते. मी साडेसहाला घरून निघालेली असते आणि परत जामहून गावाकडची शेवटची गाडी पकडायची असते. एवढंच एक त्यांनी सुधरवलं ना तं मी अर्धा स्टार वाढवून देईन.

आता टॉक. चार टॉक असतात साधारण, अर्ध्या अर्ध्या तासाचे. त्यातलं एक नक्की एआयवर राहते, आणि त्यात स्लाइडवर तेच रोबोटचं चित्र आणि "पुढच्या पाच वर्षांत सगळं बदलेल", बाप्पा, पण माझी यादी कशी जुळेल ते सांग ना. एक टॉक म्हणजे स्पॉन्सर कंपनीची जाहिरात, आम्ही किती भारी आहोत आणि आम्ही भरती करून राहिलो, रेझ्युमे पाठवा. कॉलेजचे पोरं त्या वेळी सरसावून बसतात, त्यांचं बरोबर आहे, त्यांना नोकरी पाहिजे. पण मंग त्याला टॉक म्हणू नका, सरळ लिहा की वीस मिनिटं कंपनीची. उरलेल्या दोनपैकी एक चांगलं निघते. हा हिशोब मनाशी धरून गेलं की निराशा होत नाही.

चांगल्यातलं एक सांगते, कारण ते ऐकून मला ही सगळी जमात काय आहे ते कळलं. पायथनमध्ये नवीन गोष्ट टाकायची तं कोण ठरवते, यावर होतं. फायनल इयरची पोरगी होती बोलणारी, अमरावतीकडची, एक स्लाइड इकडची तिकडं नाही. पायथन बनवली गुइडो व्हॅन रॉसम यांनी, १९९१ मध्ये बाहेर आली, हे बहुतेकांना माहीत असते. पण बदल करायचा तं पेप नावाचा प्रस्ताव लिहावा लागते, त्यावर उघड्यावर चर्चा होते, कोणीही येऊन म्हणू शकते की हे मला पटत नाही आणि का पटत नाही, हे मला माहीत नव्हतं. पेप ५७२ म्हणून एक प्रस्ताव होता, कोलन आणि बरोबरचं चिन्ह जोडून एक नवीन ऑपरेटर आणायचा, त्याला वॉलरस म्हणतात. त्यावर एवढी भांडणं झाली, एवढी झाली, की प्रस्ताव मंजूर केल्यावर जुलै २०१८ मध्ये गुइडो यांनी स्वतःच सांगून टाकलं की आता शेवटचा शब्द माझा नाही, तुमचं तुम्ही पाहा. मंग तिथल्या कोअर डेव्हलपर, म्हणजे पायथन स्वतः लिहिणाऱ्या मुख्य लोकांनी मतदान करून २०१९ मध्ये पाच जणांची स्टीअरिंग कौन्सिल निवडली, आणि ती पद्धत आजही चालू आहे. वॉलरस आलाच शेवटी, ३.८ मध्ये. आमच्या ग्रामसभेपेक्षा काही वेगळं नाही म्हटलं, फक्त तिथं कोरम पूर्ण होते. टॉक झाल्यावर मागच्या रांगेतून एकानं विचारलं की एका चिन्हासाठी एवढं भांडण काहून, तं ती म्हणे, "दादा, एकदा आत गेलेलं चिन्ह बाहेर काढता येत नाही, लाखो लोकांचा कोड तुटते, म्हणून आत येतानाच भांडायचं." आवडलं मला.

पण खरा माल टॉकनंतर आहे. चहा आणि समोसा आला की लोकं उठतात, अर्धे घरी जातात, आणि जे थांबतात ते कामाचे. माझा प्रश्न तिथंच सुटला, आणि तो नीट सांगते कारण मराठी डेटावर काम करणाऱ्या कोणालाही तो कामी येईल.

माझ्या याद्यांमध्ये कुऱ्हाडे, बऱ्हाटे अशी आडनावं जुळतच नव्हती. स्क्रीनवर दोन्हीकडे अक्षर अन् अक्षर सारखं, पायथनला विचारलं की हे दोन सारखे आहेत का, तं म्हणते नाही. एक भाऊ होते, पुण्याच्या कंपनीचं काम नागपुरातून घरी बसून करतात, पंचेचाळीसच्या आसपासचे, त्यांनी लॅपटॉप ओढून घेतला आणि म्हणे, "ताई, डोळ्यानं पाहू नका, आतमधी काय आहे ते छापा." प्रत्येक अक्षराचा युनिकोड नंबर, म्हणजे कॉम्प्युटर ते अक्षर ज्या नंबरनं ओळखते तो, छापला. आणि निघालं काय, तं "वऱ्हाड" या शब्दातला जो अर्धा र आहे, डोक्यावर न जाता आडवा लागणारा, तो टाइप करायच्या दोन पद्धती आहेत. एकात खालून टिंब असलेला र, त्याला हलंत, आणि मंग पुढचं अक्षर. दुसऱ्यात साधा र, हलंत, आणि मध्ये एक न दिसणारं अक्षर, झिरो विड्थ जॉइनर त्याचं नाव. दिसायला दोन्ही सेम टू सेम. बँकेच्या यादीत एक पद्धत आणि विम्याच्या यादीत दुसरी.

आता इथं गंमत. बाजूला एक मोठ्या कंपनीतला पोरगा उभा होता तो लगेच म्हणे, न दिसणारी सगळी अक्षरं उडवून टाका, एका ओळीचं काम आहे, सगळेच तसं करतात. ते इंग्रजी डेटासाठी ठीक आहे बाप्पा. मराठीत तो जॉइनर उडवला की र उडून जाते डोक्यावर, रफार होऊन बसते, आणि कुऱ्हाडेचा कुर्‍हा राहत नाही, कुर्हाडे होते, म्हणजे प्रकार दोनचे दोनच राहतात आणि वरून एक चुकीचा होते. पुण्याच्या भाऊंनी सांगितलं की पायथनचं जे नॉर्मलाइज करायचं फंक्शन आहे ते पण इथं पुरत नाही, ते र आणि खालचं टिंब वेगवेगळं टाइप केलं असेल तं जोडून एक करते, पण जॉइनरवाल्याला हात लावत नाही. म्हणून आधी आपण स्वतः बदलायचं, र आणि हलंत आणि जॉइनर जिथं दिसेल तिथं टिंबवाला र आणि हलंत टाकायचा, मंग नॉर्मलाइज, मंग बाकी साफसफाई. त्याच ओघात त्यांनी ॲ चं पण दाखवलं, ॲप मधला पहिला अक्षर कोणी एकाच अक्षरात टाइप करते, कोणी साधा अ घेऊन त्यावर चंद्र देते, ते पण पायथनसाठी वेगवेगळे. दोन ओळीचा कोड. पण त्या दोन ओळीसाठी मी रात्री रात्री जागलेली आहे.

तिथंच उभ्या उभ्या आणखी भेटलं. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडली की मराठीचा कचरा होते ना, ती पांडासमधून (याद्यांवर काम करायचा पायथनमधला तयार कोड) काढताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्यायचं, फाइलच्या सुरुवातीला एक खूण लागते आणि एक्सेलला कळते. जुन्या कृतिदेव फॉन्टमधल्या याद्या वाचायच्या असतील तं त्यात मराठी नसतेच, आत रोमन अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी दाखवते, म्हणून नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही, ऱ्हस्व वेलांटी तिथं अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते, ती उचलून मागं न्यावी लागते. आणि एक छोटी खुशखबर, देवनागरी आकडे असलेला मजकूर पायथनच्या इंट फंक्शनला दिला तं तो बरोबर आकडा काढून देते, वेगळं काही करावं लागत नाही. हे मला वाटलं होतं जमणारच नाही, तिथंच करून पाहिलं.

नावं जुळवायचा दुसरा भाग मात्र चर्चेत अर्धवट राहिला आणि बरं झालं राहिला. बहुतेक जण म्हणे रॅपिडफझ नावाची लायब्ररी लावा, ती दोन नावं किती सारखी आहेत त्याचा शंभरपैकी स्कोअर देते, नव्वदच्या वर असेल तं सारखं धरा. ऐकायला छान. पण गावात विठ्ठल महादेव दोन राहतात, एकाच आडनावाचे, भाऊबंद, स्कोअर शंभर येईल आणि माणूस वेगळा. उलट एकाच माणसाच्या नावापुढं एका यादीत जी आणि दुसऱ्यात राव, स्कोअर पडेल सत्तरवर. मी हे बोलली तं आधी कोणी मनावर घेतलं नाही, मंग एक काका बोलले, शेतीवाले आहेत काटोलकडचे, पोराला सोडायला आले होते आणि बसून राहिले, म्हणे, "नाव काहून पायता, आठ-अ चा खाते नंबर पाहा, गट नंबर पाहा, नाव शेवटी पाहा." दहा-बारा प्रोग्रामर उभे होते आणि उत्तर त्या काकाजवळ होतं. आता मी तसंच करते, खाते आणि गट जुळला तरच नावाचा स्कोअर काढते आणि शंका असलेली नावं वेगळ्या शीटमध्ये टाकून माणसाला फोन लावते.

मीटअपशिवाय त्यांचा टेलिग्रामचा ग्रुप आहे, रोजची चर्चा तिथं चालते. मिक्स अनुभव. प्रश्न विचारायची रीत आहे, ती पाळली तं उत्तर येते. फोटो टाकू नका कोडचा, मोबाइलनं स्क्रीनचा काढलेला तं अजिबातच नको, कोणी ते वाचून टाइप करत बसणार नाही. काय करून पाहिलं, काय एरर आला, पायथनचं व्हर्जन कोणतं, आणि चार-पाच ओळींचा नमुना डेटा, एवढं दिलं तं संध्याकाळपर्यंत कोणी ना कोणी बोलते. "नमस्कार सर एक डाऊट आहे" असं टाकून बसलात तं दोन दिवस कोणी पाहणार नाही. काही लोकं आहेत जे फक्त "गूगल कर" एवढंच लिहायला जन्माला आले, त्यांच्याकडं दुर्लक्ष करा, ॲडमिन त्यांना मधून मधून झापतात.

डेटाच्या बाबतीत ॲडमिन कडक आहेत आणि हे मला फार पटलं. एका भाऊनं मदत मागायला म्हणून खरी यादीच टाकली, आधार नंबरसकट, पाच मिनिटात पोस्ट उडवली आणि सरळ सांगितलं की खोटी नावं आणि खोटे नंबर बनवून टाका. केंद्र चालवणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा, लोकं आपल्याकडं विश्वासानं कागद देतात.

लाइटनिंग टॉक म्हणून पाच मिनिटं कोणालाही बोलायला देतात, त्याच दिवशी फळ्यावर नाव लिहायचं आणि उभं राहायचं. मी त्या अर्ध्या र वर बोलली पुढच्या एका मीटअपला. स्लाइड नव्हत्या, नोटपॅड उघडून दोन आडनावं लिहिली, सारखी दिसणारी, आणि पायथनला विचारलं, त्यानं फॉल्स, म्हणजे सारखी नाहीत, म्हटलं तं हॉलमध्ये एकदम आवाज झाला. नागपूरचे बहुतेक प्रोग्रामर दिवसभर इंग्रजी डेटावर काम करतात, त्यांना हे कधी भेटलंच नव्हतं. नंतर एक जण येऊन म्हणे की आमच्या कंपनीच्या ॲपमध्ये सर्च केलं की काही ग्राहक सापडतच नाहीत, त्याचं कारण आज कळलं. म्हणजे गावाकडून फक्त घ्यायलाच जायचं असं नाही, तुमच्याजवळ जो डेटा आहे तो त्यांनी पाहिलेलाच नसते.

भाषेचं म्हणाल तं स्टेजवर इंग्रजी, खाली हिंदी, आणि ओळख झाली की मराठी. नागपूरच आहे ते. मी प्रश्न मराठीतच विचारते, उत्तर मराठीत येते, कोणी नाक मुरडलेलं मला तरी दिसलं नाही. फक्त सुरुवातीला सगळे "कोणत्या कंपनीत?" हेच विचारतात आणि सेवा केंद्र म्हटलं की एक सेकंद गप्प होतात, मंग म्हणतात "वा, भारी." तो एक सेकंद चालवून घ्या. बायका कमी असतात, ज्या असतात त्या कॉलेजच्या पोरी, त्या घोळक्यानं येतात आणि घोळक्यानं जातात. एकटी जाणाऱ्या ताईंनी एकदा आधी ग्रुपवर लिहून टाका की मी येऊन राहिली, एक-दोघी तरी लगेच मेसेज करतात, मला केला होता. वागणूक कशी ठेवायची याचे नियम सुरुवातीलाच वाचून दाखवतात, तक्रार कोणाकडं करायची त्याचं नाव आणि नंबर स्क्रीनवर असते, हे चांगलं आहे.

ऑनलाइन पाहायची सोय आहे म्हणतात. आहे, पण नसल्यासारखीच. लॅपटॉपच्या माइकवरून आवाज घेतात, स्पीकर दोन पावलं इकडं गेला की ऐकू येते फक्त पंखा. आमच्याकडं नेट चालू असते तेव्हा त्यांचा आवाज नसते आणि त्यांचा आवाज येते तेव्हा आमची लाइट नसते. गावात बसून मीटअप अटेंड करायचा विचार असेल तं सोडून द्या. शंभर-दोनशे रुपयांचा कॉलर माइक येते हो, कोणीतरी घ्या ना. नाही तं मी घेऊन देते.

वर्षाला एकदा नागपूरवाले पायकॉन इंडियाला जातात, ती पूर्ण देशाची कॉन्फरन्स आहे, २००९ मध्ये बेंगळुरूत पहिली झाली होती, २०११ मध्ये पुण्यात पण झालेली आहे. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांना मदत द्यायची सोय असते, त्यासाठी वेळेत अर्ज करावा लागते. ग्रुपवर याची आठवण देतात, अर्ज कसा लिहायचा ते पण सांगतात. मी अजून गेली नाही, घर आणि दुकान टाकून तीन-चार दिवस निघणं सोपं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मी मागं लागली म्हणून मीटअपवाल्यांतले तिघं हिंगणघाटला आले, एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी बसलो. नागपूरच्या मीटअपला साडेतीन दिले ना, याला मी साडेचार देते, लाइट गेली तरी. लॅपटॉप मोजकेच होते, बाकीच्यांनी मोबाइलवर गूगल कोलॅब (ब्राउझरमध्येच पायथन चालवायची सोय) उघडलं, चालते त्याच्यावर, बोटं दुखतात एवढंच. ते नागपूरहून विद्यार्थ्यांच्या मार्कांचं उदाहरण घेऊन आले होते, प्रत्येक क्लासमध्ये तेच असते, आणि दहा मिनिटात पोरं मोबाइलवर दुसरंच पाहायला लागले. मंग जिनिंगमध्ये हिशोब लिहिणारा एक पोरगा बोलला, सर कापसाचं करा ना. हिंगणघाट म्हणजे कापूसच. २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल, तो आठ टक्के ओलाव्याला, त्याच्यावर एक टक्का ओलावा वाढला की एक टक्का भाव कमी, आणि बारा टक्क्यांच्या वर असेल तं सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, घेतच नाही. हे इफ-एल्समध्ये, म्हणजे "असं असेल तं हे, नाही तं ते" अशा कोडमध्ये, लिहायचं. बाप्पा, हॉल जागा झाला. नऊ टक्क्यांला ८०२८ रुपये ९० पैसे येते का ते लोकं कागदावर करून पाहून राहिले आणि कोड बरोबर आला की टाळ्या. एक जण म्हणे साडेआठ टक्के ओलावा आला तं काय धरायचं, मागचं का पुढचं, आणि त्याच्यावर जी चर्चा झाली ती नागपूरच्या कोणत्याही टॉकपेक्षा भारी होती, कारण प्रत्येकाच्या घरचा कापूस त्या प्रश्नात होता. कोड लिहिणारा भाऊ शेवटी म्हणे, याचं उत्तर कॉम्प्युटर देणार नाही, खरेदी केंद्राचा नियम विचारून या आणि मंग लिहा. बरोबरच बोलला.

मधात लाइट गेली ती पाऊण तास आलीच नाही. प्रोजेक्टर बंद, फळ्यावर खडूनं फॉर लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करायचा कोड) शिकवला. नागपूरवाल्यांना वाटलं आता लोकं उठून जातील. कोणी उठलं नाही, आम्हाला सवय आहे.

तं ज्यांना नोकरी शोधायची आहे त्यांनी नागपूरला जा, तिथं कंपन्यांचे लोकं भेटतात, रेझ्युमे घेऊन जा. जे एकदम पहिल्यापासून शिकून राहिले त्यांनी थांबा, आधी लूप आणि फंक्शनपर्यंत घरी करा, नाही तं सगळं डोक्यावरून जाते. आणि ज्यांचं दुकान, जिनिंग, दूध डेअरी, सेवा केंद्र, पतसंस्था असं काही आहे आणि एक्सेलच्या फाइलींनी जीव नकोसा केला त्यांनी फाइल घेऊन या, खोटी नावं टाकून. जून-जुलैमध्ये पेरणीच्या टायमाला येऊ नका, तेव्हा आमच्याकडचं कोणीच नसते आणि तुम्ही एकटे पडता.

हिंगणघाटचा दुसरा क्लास दिवाळीनंतर घ्यायचं ठरून राहिलं पण यावेळी कोचिंगवाल्यांचा हॉल रिकामा नाही. समुद्रपूर, हिंगणघाट, वरोरा या पट्ट्यात कोणाजवळ चाळीस-पन्नास माणसं बसतील असा हॉल असेल आणि इन्व्हर्टर असेल तं सांगा, प्रोजेक्टर आणि एक्स्टेंशन बोर्ड मी आणते. बायकांच्या बाथरूमची चावी मात्र आधी दाखवा.